सासरेबुवांची गाडी, एकास चोवीस

३ सप्टेंबर
निर्णय झाला. सासरेबुवांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या जुन्या गाडीचं मॉडेल द्यायचं. तयार आणून नव्हे, स्वतः बांधून. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं, पण शिवणीपर्यंत हुबेहूब. साडू दरवर्षी दुकानातून काहीतरी उचलतात, वर चमकता कागद, की सासरेबुवा 'वा वा' करतात. मला मात्र गेली वीस वर्षं ते 'हौशी' म्हणतात. मी लावून दिलेलं शेल्फ एकदाच पडलं होतं. तेही भिंत कच्ची होती म्हणून.

आधार एकच: बायकोच्या अल्बममधला काळा-पांढरा फोटो. तरुण सासरेबुवा गाडीला टेकून उभे, एक हात बॉनेटवर. चेहरा गंभीर. नव्या मालकाचा असतोच.

बायको म्हणाली, आमच्याकडे कधी गाडी असल्याचं मला तर आठवत नाही, बाबा त्या फोटोबद्दल बोलतही नाहीत, एकदा विचारून घ्या. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीची असणार. आणि विचारायचं तर मग सरप्राइज कसलं? शिवाय खरं प्रेम माणूस बोलून दाखवत नसतो.

७ सप्टेंबर
मॉडेलचं किट आलं, सगळे भाग सुटे. खोक्यात सूचनांची पुस्तिका होती. माळ्यावर टाकली. वाचून काय, कोणीही बांधेल.

११ सप्टेंबर, दुपार
फोटोचं भिंगातून निरीक्षण. डाव्या हेडलाइटखाली मडगार्डला पोचा आहे. दुसऱ्या कुणाला नुसता पोचा दिसला असता. मला त्यात तरुण सासरेबुवांचा भरधाव स्वभाव दिसला. पोचा हवाच.

फोटोच्या कोपऱ्यात जमिनीवर काहीतरी वाकडंतिकडं गोल पडलंय. कुंपणाची तार असावी. गाडीशी संबंध नाही, सोडून दिलं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळणं म्हणजेच डिटेलिंग.

१५ सप्टेंबर
रंगाचा प्रश्न सुटला. डोकं लागतं. फोटोत गाडीचा करडा आणि मागच्या झाडाच्या पानांचा करडा अगदी सारखा. पानं हिरवी. म्हणजे गाडी हिरवी.

बाथरूममध्ये स्प्रे मारला. गाडी सुरेख हिरवी झाली. साबण, बायकोचा टॉवेल आणि आरशाचा कोपराही. बायकोनं अबोला धरला. कामाला शांतता मिळाली.

१८ सप्टेंबर
साडूंचा फोन. ते गुडघ्याला लावायचं मसाज मशीन देणार आहेत, रिमोटवालं. (सासरेबुवांचा गुडघा जुना दुखरा. स्वतःच्या लग्नाआधी कधीतरी पडले होते म्हणे.) मी मनात हसलो. भावना आणि बॅटरी यांतला फरक काही लोकांना कळत नाही.

संध्याकाळी सासरेबुवा येऊन गेले. मॉडेल पलंगाखाली लपवलं. निघताना मी माझ्या गाडीतून सोडतो म्हटलं. नेहमीप्रमाणे नको म्हणाले आणि काठी टेकत पायी गेले. गाडीत बसायचं नावच काढत नाहीत. बायकोला वाटतं हट्ट. मला आता कारण कळलंय. जिच्यावर जीव जडला तिच्यानंतर माणूस दुसरीत कसा बसेल?

२६ सप्टेंबर
आतलं काम फत्ते. सीटची शिवण, दारांच्या मुठी, डॅशबोर्डवरचे काटे. स्टिअरिंग तेवढं बसवायचं राहिलं, हे छत चिकटवल्यावर लक्षात आलं. खिडकीतून चिमट्यानं आत सोडलं. सध्या मागच्या सीटवर आहे. बाहेरून दिसत नाही.

३० सप्टेंबर
बाहेरून काहीच दिसत नाही. काचा सुपरग्लूनं चिकटवल्या, सकाळी सगळ्या दुधी. किटवाल्या दुकानदाराला जाब विचारला. म्हणाला, त्याची वाफ काचेवर बसते, पुस्तिकेत पहिल्याच पानावर चौकटीत छापलंय. माणूस उद्धट आहे.

विचार केला. जुन्या आठवणी धूसरच असतात. राहू दे.

४ ऑक्टोबर
चिमट्यातून उजवा आरसा उडाला. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी सतरंजीवर उपसली. बायकोचं हरवलेलं कानातलं सापडलं, आरसा नाही. अबोला मात्र सुटला.

९ ऑक्टोबर
पोच्याचा दिवस. चमचा तापवायचा, त्याची पाठ प्लॅस्टिकवर टेकवायची, श्वास रोखायचा. आधी डब्यांच्या झाकणांवर सराव केला. घरातले निम्मे डबे उघडे पडले. मग थेट गाडीवर, एका दमात. फोटोशी ताडून पाहिलं. तीच खोली, तीच तिरकी घडी. बायकोनं भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, हे मात्र जमलंय. त्यातला 'मात्र' मी कानाआड केला.

१४ ऑक्टोबर
चाकं बसवली. तीन टेकतात. चौथं अधांतरी आहे. वेगाचा भास होतो.

२० ऑक्टोबर
पंच्याहत्तरी. आधी साडूंचं मशीन उघडलं गेलं. वा वा झाली. मग मी उभा राहिलो, घसा साफ केला, म्हटलं, बाबा, ही तुमची पहिली गाडी.

सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, डोळे भरले. गाडी हातात घेतली. हिरव्या रंगावरून, दुधी काचांवरून नजर नुसती फिरली. मागच्या सीटवर काहीतरी खुळखुळलं. मग अंगठा पोच्यावर आला आणि थांबला.

"जावईबापू, ही माझी नव्हे. ही मला धडकली होती."

फोटो कोर्टात द्यायला काढला होता म्हणे. हात बॉनेटवर होता, कारण त्याशिवाय उभंच राहता येत नव्हतं. बायको म्हणाली, बाबा, तुम्ही तर पडलो म्हणून सांगायचात. ते म्हणाले, पडलोच की, धडकल्यावर.

अंगठा पोच्यावरून एकदा फिरवला.

"रंग लाल होता. पण पोचा अगदी बरोबर आहे. इथंच गुडघा लागला."

वीस वर्षांत माझ्या कामाला ते पहिल्यांदाच 'बरोबर' म्हणाले. साडूंनी पुढे होऊन त्याच गुडघ्याला मशीन लावलं. रिमोट सासरेबुवांच्या हातात. सगळे माझ्याकडे बघत होते.

निघताना त्यांनी गाडी मला परत दिली. म्हणाले, तुमच्याकडेच असू द्या. आणि जरा जपून चालवा.

२१ ऑक्टोबर
गाडी शेल्फवर ठेवली. हे शेल्फ पक्क्या भिंतीवर आहे.

पुन्हा भिंग घेतलं. कोपऱ्यातली कुंपणाची तार नीट पाहिली. तिला मध्ये स्पोक आहेत.

बायको म्हणाली, आता काही करणार असाल तर निदान सायकलचा रंग तरी बाबांना विचारा. म्हटलं, बघू.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, सायकलचं किट आहे, पण मोडलेली मिळत नाही. सरळ घेऊन वाकडी करावी लागेल.

म्हटलं, ते माझ्यावर सोडा.