झेंडूचा हार हजर

मंगळवार, संध्याकाळ

डोकं भणाणलंय. नव्या ऑफिसात छतातले सेन्सर हालचाल मोजतात. हालचाल नाही, म्हणजे टेबल रिकामं. आज साहेब सगळ्यांसमोर सुनंदाताईंना म्हणाले, "तुमचं टेबल रिकामंच असतं. उद्या काढून घेऊ."

"अहो साहेब, मी दिवसभर तिथंच असते. ड्रॉइंग करताना हलू कशाला?" ताई म्हणाल्या.

आणि मी? आठवडाभर मोशीला घरी तापानं पडलो होतो, तरी माझं टेबल हजर! खंडेनवमीला कॉम्प्युटर पुजला, तेव्हा वर बांधलेला झेंडूचा हार. वाळलाय, पण एसीच्या वाऱ्यानं डुलतो. तोच हार! बोललो का मी?

उद्या सगळ्यांच्या आधी जाऊन हार ताईंच्या टेबलावर टांगतो. बाईचं ऐकलं नाही, हाराचं ऐकतील.