गोमुखीने धरलेली जागा

दि. ६, सोमवार
आला: आत्याबाईंचा (सासूबाईंचा) कमरेचा पट्टा, कुरियरने, रु. ८५०. डॉ. म्हणाले, मणका सरकलाय, सासूबाईंना जास्त उभं ठेवू नका. दर सोम. व गुरु. जालन्याला लाईटचा शेक.
अंबड ते जालना आज तासभर उभ्याच. 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलेल्या सीटवर एक बाप्या डोळे मिटून. म्हटलं, दादा, म्हातारीला बसू द्या. डोळे न उघडता म्हणतो, "आर्ध्या तिकिटात येतेत, वर जागा बी पायजे."
उतरल्यावर आत्याबाई, "मी न्हाई येनार आता. मरू दे ती कंबर."

दि. ९, गुरुवार
बस लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी टाकून जागा धरतात. आज मीही रुमाल टाकला. चढेस्तोवर रुमाल पायाखाली, जागेवर दुसरीच बाई. "रुमालावर नाव लिव्हलंय का, मावशी?"
पुन्हा उभ्या. शेकलेली कंबर घरी येईस्तोवर होती तशी. रामराया, एक जागा मागते, तीही...

दि. १३, सोमवार
आत्याबाईंना कसंबसं तयार केलं. रुमाल कोणी मानत न्हाई, मंग जपमाळेची पिशवी, गोमुखीच टाकली खिडकीतून. देवाच्या वस्तूला कोण हात लावतंय!
जागा बराबर धरली गेली. पण दारात रेटारेटी, आत्याबाईंचा पाय पायरीपर्यंत पोचेना. कंडक्टरने डबल बेल दिली. बस गेली. जांब समर्थहून आणलेली माझी गोमुखी आत.
आत्याबाई स्टँडवरच्या बाकावर बसून हसायला लागल्या. "घे! देव गेला बसून, आपुन राह्यलो."
मला हसू आलं न्हाई. शेक बुडाला.

१४, मंगळ.
जप बोटांवर. तीनदा चुकला.

दि. १६, गुरुवार
त्याच कंडक्टरने गोमुखी परत दिली. म्हटलं, उपकार झाले भाऊ. तो माझ्यावरच तापला.
"उपकार कशाचे, काकू? एक पोरगी अंतरवालीपासून उभी आल्ती. सातवा महिना. अंबडला जागा झाली तर तिथं तुमची माळ. मी म्हनलं, बस माय. तर म्हने, न्हाई, देवाची जागा हाये. जालन्यापोतर उभी. उतरली अन् चक्कर येऊन पडली."
पुढं काय झालं त्याला ठाऊक न्हाई. माहेर तिचं अंतरवालीचं, भावाचं चौकात चहाचं हाटेल, एवढंच.
आज कंडक्टरने एकाला उठवून आत्याबाईंना बसवलं. इतके दिवस जी जागा मागत होते ती मिळाली, अन् आत्याबाई वाटेत तीनदा, "त्या पोरीचं काय झालं असंल गं?"

१७, शुक्र.
माळ देव्हाऱ्यात. हातात धरवत न्हाई. हे म्हणाले, "तू काय मुद्दाम केलं का?"
मुद्दामच केलं. कोणी बसू नये म्हणूनच टाकली होती.
अंतरवालीला जाऊ म्हटलं तर हे, "जाऊन काय सांगशील?"

दि. २०, सोमवार
पोस्टकार्ड टाकलं. नक्कल:
"चौकातील चहावाले भाऊ यांस नमस्कार. मागल्या सोमवारी बसमध्ये गोमुखी टाकून जागा अडवणारी बाई मीच. तुमच्या बहिणीने देवाचा मान राखला. तो मान मी फुकट वापरला. तिची व पोटातल्या बाळाची तब्येत कशी आहे? रागाने लिहिलं तरी चालेल. खाली पत्ता दिला आहे. उलट टपाली कळवावे."