साठ ते दोनशे चाळीस

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ६.१०

काही माणसांची बोटं इतरांपेक्षा भराभर का चालतात? मला माहीत नाही. इथे लिहून टाकते, कारण मला एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करायला या घरात ही वही सोडून दुसरी जागा नाही. मी घरातली पहिली पदवीधर. विषय संख्याशास्त्र. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, बँकेचे फॉर्म, आत्याच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं माझ्यापुढे येतं आणि मी उत्तर देते. एक्स-रेचंही दिलं होतं. तो उलटा धरला होता हे नंतर कळलं.

संकल्प: सहा आठवड्यांत लीड गिटारवर हुकमी वेग.

कारण पहिलं: २१ फेब्रुवारीला आमच्या पाणीमीटर कार्यालयाचं संमेलन. त्यात आमचा बँड वाजवणार. बँड म्हणजे ड्रमवर माझे दातांचे डॉक्टर, कीबोर्डवर आणि गाण्याला त्यांची रिसेप्शनिस्ट आणि गिटारवर मी. रिसेप्शनिस्टला आम्ही मौनी म्हणतो. गाणं सोडून ती तोंड उघडत नाही. दाताच्या दवाखान्यात हे विशेषच. गाण्याच्या मध्ये सोळा सेकंदांचा सोलो आहे. तो मी मागून घेतला. मुली गिटार गळ्यात घालून नुसत्या उभ्या राहतात, हा समज कोणीतरी मोडायला हवा.

कारण दुसरं: बाबा येणार आहेत. माझ्या पदवीदानाला आले नव्हते. इस्पितळाच्या उशांच्या अभ्र्यांची तातडीची ऑर्डर होती. फोटो बघून म्हणाले होते, गाऊन खांद्यात बसला नाही. या वेळी स्वतःहून म्हणाले, दुकान बंद ठेवतो. बाबांनी ताप नसताना दुकान बंद ठेवलेलं मला आठवत नाही.

म्हणजे सोलो चांगला होऊन भागणार नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

मेट्रोनोम आणला. ठरवू त्या वेगाने टकटक करणारी डबी. व्यायाम: चारही बोटं ओळीने, सहाही तारांवर, वर जायचं, खाली यायचं. असे दहा फेरे. वेग ६०, म्हणजे मिनिटाला साठ ठोके, दर ठोक्याला चार सूर. पहिल्या दिवशीच जमलं.

सोलोला १२० लागतो, दर ठोक्याला चारच सूर. म्हणजे फक्त दुप्पट.

बाबांच्या कटिंगच्या खाकी कागदावर चार्ट आखून भिंतीला लावला. नियम एकच: आकडा वाढलाच पाहिजे.

भिंतीपलीकडे बाबांचं शिवणकामाचं दुकान. ते सकाळी सहालाच मशीनवर बसतात. म्हणाले, तुझी टकटक झकास आहे, पाय आपोआप पडतो. तुझे दहा फेरे झाले आणि इकडे एक अभ्रा झाला, चारही शिवणी.

बुधवार, ७ जानेवारी

६४. नाही जमलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकदमच उठतात, जुळ्या बहिणींसारखी. कारण: थंडी.

गुरुवार, ८ जानेवारी

६४. नाही. कारण: पिक, म्हणजे तार छेडायची चकती, पातळ.

शुक्रवार, ९ जानेवारी

जाड पिक आणलं. ६४. नाही. कारण: पिक जाड.

रविवार, ११ जानेवारी

दवाखान्यात पहिली तालीम. खुर्ची ढकलून ड्रम लावतात. सोलो आला तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की सध्या पायाभरणी चालू आहे, कळसाची घाई नको. मौनीने रिकाम्या जागेत कीबोर्डवर सोलो वाजवला. नुसता ओळखीसाठी. बरा वाजवते.

सोमवार, १२ जानेवारी

शोध लागला! दर ठोक्याला चार सूर हा अट्टाहास कशाला? तीन घेतले की बोटांना श्वास घ्यायला जागा मिळते. ६४ सहज. ६८ सहज. पाच दिवस वाया गेले म्हणायचे, पण शोधाला वेळ लागतोच.

शनिवार, १७ जानेवारी

८०! चार्टवर लाल शाईने. आत्याला ऐकवलं. आत्या म्हणाली, अगं बाई, हे तर परवाचंच, नवीन काय वाजवलंस? आत्याचा कान शिवणाच्या मशीनशेजारी तीस वर्षं राहिलेला आहे. सोडून दिलं.

मंगळवार, २० जानेवारी

ऑफिसात मजा. एका घराचा पाण्याचा वापर एकदम हजारपट. ज्येष्ठ कारकून घाबरले, पाइप फुटला असणार म्हणून माणूस पाठवायला निघाले. मी कागद पाहिला. जुना मीटर घनमीटर दाखवायचा, नवा लिटर दाखवतो. पाणी तेवढंच. मी त्यांना समजावलं, काका, आकडा मोठा झाला म्हणजे पाणी वाढलं असं नसतं, आधी एकक बघायचं. काका म्हणाले, शिकलेल्या माणसाचं हेच, पाहिलं की कळतं.

नम्रपणे मान्य केलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

तीन दिवस ८४ वर अडकले होते. आता दर ठोक्याला दोन सूर. मोठे वादक कमी सुरांत जास्त सांगतात. ८४, ८८, ९२ एका सकाळीत! आईने विचारलं, मग आधी चार कशाला घेत होतीस? म्हटलं, पाया.

सोमवार, २ फेब्रुवारी

१२०.

परत लिहिते. १२०. ध्येय गाठलं, एकोणीस दिवस आधी. ऑफिसच्या कँटीनमध्ये पेढे वाटणार होते, पण चहावर भागवलं आणि मुलींना चार शब्द सांगितले. वेग बोटांत नसतो, मनात असतो. स्वतःला अडवणारे आपणच असतो. टायपिंगवाल्या मुलीने विचारलं, म्हणजे आता किती सूर होतात मिनिटाला? म्हटलं, आपण सुरांत मोजत नाही, ठोक्यांत मोजतो. तिने मान डोलावली. हळूहळू कळेल तिला.

घरी आले तर बाबांनी गिटारचा पट्टा शिवून ठेवला होता. जाड डेनिम, दुहेरी टीप, खांद्यावर आतून मऊ अस्तर. म्हणाले, तो गाऊन मला शिवायला दिला असता तर असाच बसला असता.



सोमवार, ९ फेब्रुवारी

२४०! दर ठोक्याला एक सूर, पण काय दणदणीत! डबीवर यापुढे आकडाच नाही. चार्टचा कागदही संपला होता, वर जोड लावावा लागला. बाबांनी कागद देताना विचारलं, अजून किती उंच जाणार आहेस? छत मोजून सांगितलं, हे शेवटचं.

सोलोला १२० लागतो. माझ्याकडे बरोबर दुप्पट आहे. इतका साठा असलेली लीड गिटारिस्ट किती शांत असते, याचा अनुभव घेते आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

शेवटची तालीम. आज पहिल्यांदा सोलो बँडबरोबर वाजवला.

डॉक्टर धावतात. भयंकर धावतात. मी अर्ध्यात होते आणि ते संपवून रुमालाने कपाळ पुसत होते. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दुप्पट वेगात वाजवताय. ते म्हणाले, एकशेवीस. मी डबी काढून लावली. एकशेवीस निघाला. म्हणजे त्यांच्या संगतीत डबीही बिघडली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दात काढायच्या आधी ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाले, हे बघ, अजून सहा दिवस आहेत, अवघड वाटत असेल तर आत्ता सांग, मौनी वाजवेल, तू मागे साथ दे. लाज वाटण्यासारखं काही नाही. मौनी खिडकीबाहेर बघत होती.

माझ्या डोळ्यांपुढे दुकानाला लावलेलं कुलूप आलं. म्हटलं, डॉक्टर, दुखणार नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ७

बाबा आज फार खुशीत. म्हणाले, पोरी, तुझ्यामुळे माझं काम अगदी बेतशीर झालंय. पहिल्या दिवशी तुझ्या दहा फेऱ्यांत एक अभ्रा झाला होता, आजही दहा फेऱ्यांत एकच. दीड महिन्यात एका टाक्याचा फरक नाही. असा हात लाखात एकाचा.

मी त्यांना समजावलं की मी साठवरून दोनशेचाळीसवर गेले आहे, म्हणजे माझ्या जोडीने त्यांचा पायही चौपट भराभर चालायला लागला. बाबांना फार आनंद झाला. मग चष्मा काढून म्हणाले, पण मग दिवसाला अभ्रे तेवढेच कसे होतात गं?

म्हटलं, उशा मोठ्या झाल्या असतील.

बाबा विचारात पडले. संध्याकाळी टेप घेऊन उशी मोजताना दिसले.

शनिवार, २१ फेब्रुवारी. दुपारी २

निघतो आहोत. बाबांनी दुकानाच्या दारावर स्वतः पाटी लावली: मुलीच्या कार्यक्रमासाठी बंद. आत्या म्हणाली, मुलीच्या कशाला लिहिलंस, लग्न वाटेल लोकांना. बाबांनी पाटी काढली, मध्ये गिटार हा शब्द घातला आणि परत लावली.

बोटं गार आहेत. कारण: गार आहेत.

रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ११

काल लिहायला जमलं नाही.

जे झालं ते असं. सोलो सुरू केला. मी अर्ध्यापर्यंत आले तेव्हा बाकी बँडचा सोलो संपला होता. मला वाटलं, डॉक्टर थांबतील. डॉक्टर थांबले नाहीत. मौनीने पुढचं कडवं सुरू केलं. आता अर्धवट सोडायचा कसा? मी वाजवत राहिले. तिचं कडवं वर, माझा सोलो खाली, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी संपवला तेव्हा ती गाण्यातल्या सगळ्यात हळव्या ओळीवर होती आणि माझा शेवटचा सूर तिथे दार आपटल्यासारखा आला. ऑफिसातले काका पहिल्या रांगेतून जोरात म्हणाले, वा! मग एकटेच टाळ्या वाजवत राहिले.

मी बाबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. बाबांचा पाय हलत होता. ड्रमबरोबर नाही. माझ्याबरोबर. अख्ख्या सभागृहात माझ्या लयीत एकच पाय होता. मी थांबले तसा तोही थांबला.

येताना म्हणाले, तू बरोबर वाजवलंस, ती बाकीची मंडळी घाईत होती. आत्या म्हणाली, हो ना, त्यांची बस असेल.

आज सकाळी टायपिंगवाल्या मुलीने व्हिडिओ पाठवला. सोबत काही लिहिलेलं नाही. तो पाच वेळा पाहिला. सोलोत एकशे अठ्ठावीस सूर आहेत. लागायला हवे होते सोळा सेकंद. मला लागले बत्तीस. हिशोब मांडला: मिनिटाला दोनशे चाळीस सूर.

२४०! चार्टवरचाच आकडा! म्हणजे माझं मोजमाप तंतोतंत होतं. उठून चहा करून आणला.

चहा पिताना भिंतीवरचा चार्ट खालपासून वाचला. ६० ला चार सूर. ८० ला तीन. १२० ला दोन. २४० ला एक. चारही गुणाकार तोंडी करून पाहिले, मग कागदावर, मग कॅल्क्युलेटरवर.

पाणी तेवढंच.

दुपारी ४

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांना सांगितलं की सोलो मौनीने वाजवावा, मी मागे साथ देते, जमेल तेव्हा मागून घेईन. डॉक्टर म्हणाले, साथीला तुझ्यासारखी कोणी नाही, ठोका कधी हलत नाही तुझा. मौनीने रजिस्टरमधून मान वर केली आणि म्हणाली, मी शिकवीन.

दीड महिन्यात तिचे हे पहिले दोन शब्द.  त्यावर काय म्हणायचं हे मला माहीत नाही, असं तिथे मोठ्याने म्हणून टाकलं. आभाळ कोसळलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी. सकाळी ६.५०

चार्ट काढला, जोडासकट. बाबांना दिला. त्यांनी उलटा करून टेबलावर पसरला, खडूने आखला आणि कात्री चालवली. १२० एका लहान फ्रॉकच्या बाहीत गेला. २४० कॉलरमध्ये. कापताना म्हणाले, कागद चांगला राहिलाय, नुसता एका बाजूने वापरलेला.

मग इकडे येऊन डबी ६४ वर लावली. दर ठोक्याला चार सूर. दहा फेरे, मोजून. करंगळी दोनदा घसरली, एकदा रुसली, पण शेवटपर्यंत आली.

पलीकडे मशीन थांबलं. बाबा दारात आले. हातात अभ्रा, दोरा अजून लोंबत असलेला. म्हणाले, पोरी, आज काय झालं तुला? तू संपवलंससुद्धा, आणि माझी चौथी शिवण अजून थोडी बाकी आहे.