उजव्या टाकीची स्वच्छता

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. पहाटे पाचला उठणे, साखर बंद, रोज प्रबंधाचं एक पान. उठायला सव्वाआठ झाले. पण संकल्प उठल्यावर केला, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.
प्रयोग सुरू! कॉलेजच्या मागच्या खोलीत काचेच्या दोन टाक्या, दोन्हींत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. डावीकडे प्लास्टिकमधून पाझरणारं ते केमिकल, जे अंगात गेलं की बाईच्या हॉर्मोनचं सोंग घेतं. उजवीकडे नुसतं स्वच्छ पाणी. डावीकडची अंडी घटणार. निष्कर्ष लिहून ठेवला आहे, आता फक्त गोगलगायींनी सहकार्य करायचं. मार्चअखेर परिषद, मुख्य सभागृहात माझं भाषण. ते गाजलं की माझ्या पाटीवरचा ‘हंगामी’ हा शब्द जाणार. पाटी आजवर दोनदा रंगवून झाली, शब्द तोच.

५ फेब्रुवारी
हिला सांगितलं, या गोगलगायी प्रत्येकी नरही असतात आणि मादीही. ही म्हणाली, मग भांडी कोण घासतं? विज्ञानाकडे अशा नजरेने पाहणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही.
भांडी घासली.

९ फेब्रुवारी
डाव्या टाकीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. हॉर्मोनशी खेळ नको. काल टीव्हीवरची जाहिरात पाहून डोळे भरून आले, तेव्हाच शंका आली. ही म्हणाली, अहो, तुम्ही कांदा चिरत होतात. असेल. पण जाहिरातही हळवी होती. मिशी तपासली. जागच्या जागी आहे.
उजवी टाकी मात्र रोज स्वतः स्पंजने पुसतो. काचेवर कसलेसे चिकट ठिपके धरतात, लाळ असावी. स्वच्छ पाण्याची टाकी स्वच्छ दिसलीच पाहिजे. ही म्हणाली, एवढा जीव कधीतरी बाथरूमच्या आरशावर टाका.

१७ फेब्रुवारी, दुपारी
घात! डावीकडची काच अंड्यांनी भरली. भिंगातून पाहिलं: जेलीचे गोळे, आत टपोरी अंडी. उजवीकडे एक नाही. लख्ख.

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. हे केमिकल अंडी वाढवतं, असं मला पहिल्यापासून वाटतच होतं. २ तारखेची नोंद घाईत झाली.
प्रबंध: अजून पहिलं पान. साखर: थंडी संपेपर्यंत चालू.

२६ फेब्रुवारी
उजवीकडे अजून काही नाही. बिचाऱ्यांना उमेद यावी म्हणून काकडीचे काप दिले. एकांत मिळावा म्हणून पडदा लावला. खोलीत शिरताना दारावर टकटक करतो. काचही आता दिवसातून दोनदा पुसतो. तरी ढिम्म! म्हणजे केमिकलशिवाय या जातीचा वंश चालूच शकत नाही. हा शोध आहे! विभागप्रमुख मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग प्लास्टिक निघण्याआधी या गोगलगायी कशाच्या जोरावर जगल्या? मत्सर कुठून कसा डोकावेल, सांगता येत नाही.

११ मार्च
मॅडमच्या केबिनमध्ये भाषणाची तालीम. पहिल्या स्लाइडवर मी, हातात स्पंज, शेजारी चकचकीत उजवी टाकी. फोटो हिने काढलाय, त्यामुळे पोट आलं आहे. मॅडमनी विचारलं, हा स्पंज कशाला? म्हटलं, काचेवर चिकट ठिपके येतात, ते पुसतो. मॅडमनी विचारलं, या अंडी कुठे घालतात? म्हटलं, काचेवर. दिसतात कशी? म्हटलं, चिकट…
मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
त्या केबिनमधला पंखा फार आवाज करतो. कुणीतरी तेल घालायला हवं.

१६ मार्च
चार-पाच दिवस पुसणं बंद केलं, तर उजवी काचही भरली. डावीच्या तोडीस तोड. मॅडमना म्हटलं, म्हणजे हे केमिकल काहीच करत नाही, हाही शोधच की! मॅडम म्हणाल्या, आधी तुम्ही काही करू नका, मग केमिकल काय करतं ते बघू.

२४ मार्च
परिषदेची कार्यक्रमपत्रिका आली. टाक्या मॅडमच्या ताब्यात गेल्या. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, माझ्याशिवाय. पाटीवरचा शब्द यंदा राहतोय. मुख्य सभागृह दुसऱ्या कुणाला तरी.
पण भाषण आहे! जिन्याखालच्या खोलीत, विषय ‘प्रयोगातल्या टाळता येण्याजोग्या चुका’. सत्रात वक्ता एकटा मीच. बाकीच्यांना वीस-वीस मिनिटं, मला पाऊण तास. एवढं सांगण्यासारखं दुसऱ्या कुणाकडे नसणार.
हिला दाखवलं. ही इतकी हसली, इतकी हसली की शेवटी भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कामाचा हिला एवढा आनंद झालेला प्रथमच पाहिला.