नावाडणीच्या नऊ ओळी

प्रिय ताई,

आधी तुझी तब्येत विचारायला हवी, पण मी इतका थकलोय की रीतभातही सुचत नाही. डोळे गेल्यातच जमा आहेत. हे पत्रसुद्धा ओळीखाली दोरा धरून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू लेकीकडे राहायला गेलीस त्याला चार वर्षं झाली. इथे सगळं तसंच आहे. लिहायच्या खोलीचं छप्पर त्याच कोपऱ्यात गळतं, मी शाईची भांडी तिथून हलवतो आणि विसरून पुन्हा तिथेच ठेवतो.

गावाच्या आठवणीच्या पुस्तकाची नवी प्रत करायचं काम माझ्याकडे आलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. विहीर खणणारा, पूल बांधून घेणारी, पुरात धान्य वाटणारा, अशी कधीकाळची माणसं त्यात नोंदलेली. पूर्वी मी प्रत करायचो आणि तू जुनं पान मोठ्यानं वाचून ताडून बघायचीस. एक शब्द सुटला की पाठीत बोट खुपसायचीस. तू गेल्यावर दुसरं माणूस शोधायचा मला कंटाळा आला. म्हटलं, उभा जन्म हेच केलंय, आता मला कोण शिकवणार. एकट्यानंच ताडलं.

वैद्यांची नोंद ‘तापाच्या साली वारले’ अशी संपते. तिच्याखालची आईची नोंदही ‘तापाच्या साली वारली’ इथेच संपायची. लेखणी शाईत बुडवून वर पाहिलं तेव्हा माझी नजर पहिल्याऐवजी दुसऱ्या ‘तापा’वर पडली असणार. मधली आई सुटली. कुणी होडीला हात लावायला तयार नव्हतं तेव्हा आजाऱ्यांना उपचारासाठी पलीकडे नेणारी नावाडीण, अख्ख्या नऊ ओळी.

पुस्तकाच्या दरवर्षीच्या वाचनाला चौकात सगळे जमले. नोंदी वाचल्या गेल्या, लोकांनी मधूनमधून जांभया दिल्या. कुणाला काही कमी वाटलं नाही. मलाही नाही, ताई. मी पुढे बसून मान डोलावत होतो. घरी आल्यावर भिंतीवरचं तिचं वल्हं दिसलं, तेव्हा कळलं की ती वाचली गेलीच नव्हती. तसाच परत गेलो, तर रिवाजाप्रमाणे जुनी चामड्याची पानं धुऊन, घासून दोरीवर वाळत घातलेली होती. नवं काहीतरी लिहायला कोरी करकरीत.

आठवणीतून नोंद घालायची तर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांनी आपल्या हातानं साक्ष लिहावी लागते. आईला वल्हवताना पाहिलेले आता आपण दोघंच उरलोय. आणि तुझा तिच्यावरचा राग मला ठाऊक आहे. तू त्याबद्दल एकदाच बोललीस, शाई ढवळता ढवळता, की ती गावाची झाली आणि आपल्याला विसरली. तापाच्या साली तू बारा वर्षांची होतीस आणि मी सात वर्षांचा. स्टुलावर उभं राहून तू कणीक मळायचीस, माझं नाक पुसायचीस, आणि मी रडलो की स्वतःचं रडणं पुढे ढकलायचीस. वाचनाला तू कधीच आली नाहीस. मीही कधी आग्रह केला नाही, कारण तुझं खरं होतं आणि पुस्तकातलंही खरं होतं.

म्हणून हे पत्र. सोबत नऊ ओळी पाठवतोय. खाली माझी साक्ष आहे, तिच्याशेजारी तुझ्यासाठी जागा सोडलीय. आईला माफ कर असं मी म्हणत नाही. ती होडी चालवत होती, एवढंच लिही. नाही लिहिलंस तर मी रागावणार नाही, पण मग ती पुस्तकात येणार नाही. आणि एक आगाऊपणा केलाय. नऊ ओळींखाली दहावी घातलीय, की तिच्यामागे बारा वर्षांच्या मुलीनं धाकट्या भावाला वाढवलं. ते पाहणारा मी एकटाच. दुसरी साक्ष तुझीच लागेल.

तुझाच,
धाकटा