गिरिजा रमली आहे

शारजा, मंगळवार, १७ मार्च २००९

प्रिय समिधा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी दचकली असशील. शारजा ते रास अल खैमा तासाभराचा रस्ता, दोघांच्या हातात मोबाइल, आणि तुझा भाऊ कागदावर लिहून पाकीट हारुन ड्रायव्हरच्या हाती धाडतो, म्हणजे संस्कृत अखेर डोक्यात गेलं, असं तू म्हणशील. तसं नाही. दोन दिवसांत तीनदा फोन केला. पहिल्यांदा तू सामानाची यादी वाचून दाखवलीस आणि जंगलात गूळ टिकतो का, यावर माझं मत विचारलंस. दुसऱ्यांदा वैभवीने घेतला. मी विचारलं, तिकडे जाऊन काय करणार, तर म्हणाली, मामा, आय विल हॅव अ मंकी. तिसऱ्यांदा सुदेशराव होते. त्यांनी नवा पगार आधी दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत, मग पुन्हा दिरहममध्ये. टाइल्सच्या कारखान्याने भट्टी बंद करून त्यांना घरी बसवल्यापासून त्यांचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता. मी म्हणालो, छान. फोन ठेवला आणि हात धुऊन आलो. का, ते विचारू नकोस.

म्हणजे आता असं आहे, की परवा गुरुवारी सकाळी दहाला ते आमच्या ऑफिसात लाकूडतोडीच्या कॅम्पच्या करारावर सही करणार, आणि रविवारी तुम्ही तिघं गॅबॉनच्या विमानात बसणार. सही झाली की तिघांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि करार दोन वर्षांचा. मधे परत यायची सोय नाही, मी स्वतः ती कलमं टाइप केली आहेत. इकडे व्हिसा रद्द झाल्याचे तीस दिवस, त्यातले नऊ उरले. देश सोडायचाच, तर पुण्याला हात हलवत जाण्यापेक्षा आफ्रिकेच्या जंगलात पगार घेत जावं, हे सुदेशरावांचं म्हणणं मला समजतं. दादाच्याच कंपनीचा कॅम्प आहे, म्हणजे फसवणूक असायची नाही, असं तू शेजारणीला सांगितलंस म्हणे. ते मात्र मला गिळता आलं नाही.

बाबांनी तुझं नाव ठेवलं तेव्हा आई म्हणाली होती, पोरीचं नाव आहे की सरपण. समिधा अरण्यातून घरी आणायच्या असतात गं, घरून अरण्यात नेऊन ठेवायच्या नसतात. तुला आठवतं, परीक्षेच्या आधी मी तुझ्याकडून ‘वनं वने वनानि’ घोकून घ्यायचो, आणि तू विचारलं होतंस, दोन वनांना वेगळा शब्द कशाला, एक पाहिल्यावर दुसरं पाहायला जातं कोण? मी तेव्हा तुझ्या डोक्यात टपली मारली. ती परत घेतो. अकरा वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, त्यात अरण्यं किती शिकवली असतील. कमळांची तळी, मोर, माणसाळलेली हरणं, वेळच्या वेळी पिकणारी फळं. आमच्या कवींच्या अरण्यात डास नाही, आणि चौदा-चौदा वर्षं राहून कोणाला साधा ताप येत नाही.

इकडची खबर म्हणशील तर मंदीचा एकच फायदा झालाय, दुबईला पोचायला दीड तास लागायचा तो आता चाळीस मिनिटं लागतो. खाली पार्किंगमध्ये तीन गाड्या धुळीने मढून उभ्या आहेत. मालक परस्पर विमानतळावरून गेले. खिडकीसमोरची क्रेन डिसेंबरपासून एकाच दिशेला हात करून थांबली आहे. ऑफिसात आम्ही एकोणीस होतो, चार उरलो. तुझ्या शोभनावहिनीला पुण्याला पाठवल्यापासून मी तिघांबरोबर एका खोलीत राहतो आणि त्यांना रोज वेगवेगळ्या नावाखाली तेच वरण खायला घालतो. जानेवारीत मोहिद्दीन साहेबांनी बोलावलं तेव्हा मी टेबलाचा खण रिकामा करूनच आत गेलो. पण ते म्हणाले, मास्टर, बैठो. गॅबॉनला एकटे पुरुष टिकत नाहीत, पळून येतात, फॅमिलीवाले हवेत. एक अच्छासा ब्रोशर बनाओ, तुम्हारी लँग्वेज अच्छी है. यल्ला, म्हणजे लागा कामाला.

हो, तेच ब्रोशर. ज्याचं इंग्रजी तू फोनवर वाखाणलंस, आणि ज्यावर सुदेशरावांनी पिवळ्या पेनाने रेघा ओढल्या आहेत. मी तो कॅम्प पाहिलेला नाही. पहिलं पान मी शिकवलेल्या अरण्यांतून उचललं. नदीकाठची पहाट वगैरे, तुला ओळखीचं वाटलं असेल. दुसऱ्या पानावर साहेबांना खरा माणूस हवा होता, तिथे राहणारा. तसा एक होता. भिकाजी, देवगडकडचा, आमच्या दुबईच्या साइटवर क्रेन चालवायचा. दर शुक्रवारी घरचं पत्र माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, मास्तरानू, तुमी लिवलास काय आमचा रडगाणासुदा गोड लागता. ऑक्टोबरात तो बायकोला, गिरिजाला, घेऊन त्या कॅम्पवर गेला. तिथे लिहून द्यायला मी नव्हतो, म्हणून जानेवारीत त्याने स्वतःच्या वाकड्या अक्षरात मला चार पानं लिहिली. ‘एका कामगाराच्या पत्रातून’ ही जी चौकट तुम्ही वाचलीत, ती त्या चार पानांतली.

त्यात एक अक्षर खोटं नाही, समिधा. मी फक्त वाक्यं लवकर संपवली. इथे दवाखाना आहे, नवा पांढरा रंग दिला आहे, असं तुम्ही वाचलंत. भिकाजीने पुढे लिहिलं होतं, की औषधांच्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली डॉक्टरकडे असते आणि डॉक्टर अजून यायचा आहे. शाळेसाठी जागा राखून ठेवली आहे, हे खरं; सध्या तिथे डिझेलची पिंपं आहेत आणि कॅम्पवर मूल एकही नाही. शांतता आहे, हेही खरं. बावन्न बिऱ्हाडं होती, नऊ उरली. आरागिरणी थांबली की पानांवरून गळणाऱ्या पाण्याखेरीज काही ऐकू येत नाही, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, गिरिजा त्यांना बुरशी धरली की पुन्हा धुते. होडी पंधरा दिवसांनी येते, नदी चढली तर तीही नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं, जमलं तर मलेरियाच्या गोळ्या पाठवा, इथल्या संपल्या. ते वाक्य ब्रोशरच्या कामाचं नव्हतं, म्हणून मी त्यावर रेघ मारली. जुनी मास्तरी सवय आहे, रेघ मारलेलं पुन्हा पाहायचं नाही. गोळ्या पाठवायच्या राहिल्या.

आणि ज्या वाक्याने तुला हलवलं, ते. गिरिजा रमली आहे. तू म्हणालीस, दादा, बाईमाणूस रमलं म्हणजे बाकीचं निभतं. मी विषय बदलला. त्या वाक्याने माझी नोकरी टिकवली होती ना.

पुण्यात शोभनाकडे दोन खोल्या आहेत. हात हलवत जा, तिला चालेल. सुदेशरावांना माझा राग येईल, त्यांचा मोकळा आवाज पुन्हा बंद होईल, ते मी सोसेन. हारुन उद्या सकाळी माल घेऊन निघतो, दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल. इन्शाल्ला म्हणाला. मी म्हटलं, भाई, या वेळी नक्की म्हण.

काल दुपारी मोहिद्दीन साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. गिरिजा नऊ दिवस तापात होती. होडी शनिवारी येणार होती, गिरिजा शुक्रवारीच गेली. देवगडला तिच्या आईला कळवायचं आहे, मराठीत, नीट शब्दांत. मास्टर, तुम लिखो. मी कागद घेतला, वर मायना लिहिला, आणि पुढे एकही वाक्य मला पुरं करता येईना. मग दुसरा कागद घेतला, तो हा. सोबत भिकाजीचं मूळ पत्र आहे. फाइलमधून काढलंय, परत ठेवणार नाही. साहेबांच्या लक्षात आलं की मलाही खलास म्हणतील आणि मग मीही तीस दिवस मोजत बसेन. सुदेशरावांना ते तू मोठ्याने वाचून दाखव, कुठेही न थांबता. तिसऱ्या पानाच्या तळाशी पाहा: ‘गिरिजा रमली आहे असं तिच्या आईला कळवलंय. मास्तर, तुम्ही गावी फोन केलात तर तुम्हीपण तेवढंच सांगा. खरं काय ते फक्त तुम्हाला लिहितोय.’

तुझाच,
दादा