परळीत दोनदा मेलेल्या पाहुण्याची परतभेट

मी, उत्तरेश्वर तात्याबा सोळंके, राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, इलाखा निजाम सरकार, व्याख्याता व येथील नाटक मंडळीचा मालक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. अक्कल शाबूत आहे, फक्त आवाज बसला आहे. विरोधकांनी याला माघार समजू नये.

१. राहते घर पत्नी सारजाबाई हिचे. "लोकान्ला जागं करता, आन् घरची गाय सुटली तरी घोरता," असे ती म्हणे. गायही तिचीच.

२. पडदे, पेटी, तबला व दाढ्या आमच्या मंडळीत नायिका होणारा राधाकिशन यास. पुतण्या सुंदरराव त्या खोलीत सरकी भरू पाहतो. सरकीने आजवर कोणतेही राष्ट्र जागे झालेले नाही.

३. कड्याचे शेत सुंदररावास, परंतु एका अटीवर. तिचे कारण असे.

इटलीचा नट बेनेदेत्तो हैदराबादेत खेळ करीत होता. हिंदुस्तानात फिरून तो मोडकी उर्दू शिकला होता. मी त्यास परळीस आणले. आमच्या रंगमंचावर तो विष पिऊन मेला, तोही गाण्यावाचून! लोक चुळबुळू लागले. मरताना पद नाही, हे कसले मरण? तेव्हा राधाकिशनने आतून पद उचलले आणि सगळा मांडव ओरडला, "वन्स मोअर!"

पाहुणा घाबरून उठला. "क्या गलती हुई?"

मी म्हणालो, "गलती नहीं साहेब, इज्जत है. फिर से मरो."

तो पुन्हा मेला, पहिल्याहून सरस. नंतर गळ्यात पडून रडला. त्याच्या देशात मेलेल्याला कोणी परत बोलावत नाही म्हणे. पुढे महिनाभर राहून त्याने आमच्या नटांना आवाज न करता रडायला शिकवले. जाताना आमची मंडळी त्याच्या गावी येईल, असे वचन माझ्याकडून घेतले.

हे ऐकून सुंदरराव म्हणाला, "काका, समुंदर वलांडला की जात बुडती. आन् तिकडं बायांची कामं बायाच करत्यात, मग राधाकिशन तिथं काय करणार?"

"नऊवारी नेसायला शिकवंल की! आन् तुजी जात दगडाची हाय का बे, पाण्यात बुडायला?"

म्हणून अट अशी: सुंदररावाने राधाकिशनसह सारी मंडळी स्वतः इटलीस न्यावी, खेळ करून परत आणावी, मगच शेताचा ताबा घ्यावा. न गेल्यास ते शेत विकून राधाकिशनने मंडळी न्यावी.

४. माझ्या तिरडीपाशी भाषणे करू नयेत. मला उत्तर देता येणार नाही. राधाकिशनने एक पद म्हणावे. वन्स मोअर आल्यास पद पुन्हा म्हणावे, मला उठवू नये.

५. वरील मजकूर तबलजी आप्पारावाने मोठ्याने वाचला, तो सुंदररावाने दारात उभे राहून ऐकला. शिव्या देऊन झाल्यावर त्याने विचारले, "बोटीत घरच्या पाण्याची घागर नेऊ देत्यात का?"

देतात. घागर त्यास माझ्यातर्फे द्यावी.

सही: उत्तरेश्वर तात्याबा सोळंके
साक्ष: आप्पाराव, तबलजी
साक्ष: रामकिसन, पडदे रंगवणारा
मुक्काम परळी वैजनाथ, वैशाख शुद्ध एकादशी, शके १८३५, सन १३२२ फसली